हसबनीसी पट्ट्यांची बखर

श्री. नमन त्या वायूस, जो कोणाचे दृष्टीस पडत नाही, परंतु ज्याचे नावे कित्येकांचा पगार नियमित होतो. शके १९०९, प्रभवनाम संवत्सरी, एका माळावर एक राज्य नांदत होते. राज्य म्हणजे अभियांत्रिकी विद्येचे पीठ. भोवती तारेचे कुंपण, आत बाभळी, बाभळींखाली मोटारसायकली आणि मोटारसायकलींवर विद्यार्थी, ऐसा बंदोबस्त होता. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, सबब लिहिले नाही. त्या राज्यात सुभे बहुत, परंतु थोरला सुभा यंत्रांचा, आणि त्या सुभ्यात राजश्री अच्युतराव हसबनीस हे भर तारुण्यात प्राध्यापक होऊन दाखल जाहले. समुद्रापलीकडे जाऊन डॉक्टर ही पदवी संपादून आले होते आणि येताना सामानात कपडे थोडे आणि तारा फार, ऐसे आले. तारा म्हणजे कैशा, तर केसाहून बारीक. वीज सोडोन तापवावी, वाऱ्यात धरावी, वारा जोराचा आला की तार निवते, मंद आला की तापते, त्यावरोन वाऱ्याचा वेग कळावा, आणि चुकोन बोट लागले की तुटावी. हसबनीस यांचे मनी हेत एकच होता. या विद्येत ऐसी चाल आहे की, वाऱ्याची वा पाण्याची एखादी खोड जो प्रथम पाहतो त्याचे नाव त्या खोडीस लागते आणि मग तो मेला तरी पुस्तकांत जिवंत राहतो. आपल्या नावे एक तरी खोड असावी, याउपरी त्यांस काही नको होते. जेवताना सौ. वसुधाबाईंस म्हणत, "मोठं काही नको गं. एखादी लहानशी थरथर चालेल." आणि बाई वाढता वाढता म्हणत, "आधी बाथरूमचा पंखा बघा. त्याची थरथर तुमच्याच नावावर आहे."

मग वाऱ्याचा बोगदा बांधण्याची मसलत जाहली. तत्कालीन संचालकांनी पुसले की, वारा बाहेर फुकट वाहतो आहे, त्यास आत आणोन काय करणार? हसबनीस बोलिले, "बाहेरचा वारा सांगितलेलं ऐकत नाही साहेब." हा जबाब संचालकांस घरच्या लेकाच्या अनुभवाने पटला आणि बॉयलरच्या मागील शेड बहाल जाहली. तेथे हसबनीस यांनी खासा उभे राहून प्लायवूडचा बोगदा उभारला. त्याची रचना ऐसी. आरंभी पंखा, पुरुषभर उंचीचा, बाहेरील हवा ओढोन आत लोटणारा. पंख्यापुढे बोगद्याचे थोरले पोट, त्यास शांतिकोठी म्हणत. तीत बारीक जाळ्यांचे पडदे एकामागे एक लाविले होते, की पंख्याने घुसळलेला वारा त्यांतून गाळोन निघावा आणि शहाणा व्हावा. मग अरुंद गळा, आणि गळ्यापुढे काचेचा महाल. महालात एक गुळगुळीत पाट आडवा मांडावा, वारा सोडावा, आणि वारा पाटास चाटोन कैसा जातो ते तारेने पाहावे. बोगदा सिद्ध जाहला आणि हसबनीस यांनी एक कायदा केला, तो हा की शांतिकोठी कोणीही उघडू नये. कारण आतील जाळी तसूभर हलली तरी वाऱ्याचा स्वभाव पालटतो, आणि मग सारी मापे आरंभापासोन घेणे प्राप्त, त्यात महिने जातात. झाकण स्क्रूंनी आवळले आणि वर लाल रंगाने लिहिले, "उघडू नये. हसबनीस." पोरे म्हणत, सरांचे देवघर एक वेळ उघडे सापडेल, कोठी सापडणार नाही.

येणेप्रमाणे तीस वर्षे गेली, ती कैसी गेली हे लिहावे तर वाचणारास झोप येईल. हसबनीस यांनी वर्ग घेतले, परीक्षांचे पेपर तपासले, समित्यांवर बसले, समित्यांवरोन उठले, आणि उरल्या वेळात बोगद्यापुढे स्टुलावर बसोन वाऱ्याची चौकशी केली. तारा बहुत तुटल्या. जो तार तोडील त्याने साऱ्या शेडीस चहा करोन पाजावा आणि आपण पिऊ नये, ऐसी शिक्षा होती, आणि एक विद्यार्थी तर चार वर्षांत उत्तम चहा शिकला आणि पुढे त्याच धंद्यात नावारूपास आला. शोधनिबंध छापोन येत, परंतु खोड काही सापडेना. जे जे म्हणोन दिसे ते ते कोणा जर्मनाने आजोबांच्या काळीच पाहोन ठेविलेले निघे. मग हसबनीस त्या जर्मनाचे नावाने दोन शब्द उच्चारोन पुन्हा तार लावीत. इतक्यात सुभ्यात एक नवा अंमल सुरू जाहला, तो संगणकांचा. त्याचे सरदार राजश्री शिरीषराव केतकर. यांस बोगदा नको, पंखा नको, तार नको. थंडगार खोलीत बसोन गणित मांडीत आणि वारा पडद्यावर तांबडा, पिवळा, निळा होऊन वाहू लागे. दरबारात पाहुणे आले की ती रंगीत चित्रे पाहोन माना डोलावीत, आणि मग शेडीकडे नेले की प्लायवूड पाहोन घड्याळ पाहत. हसबनीस म्हणत, "केतकरांचा वारा एसीत राहतो." केतकर म्हणत, "हसबनीसांचा वारा प्लायवूड खातो." आणि दोघेही एका मजल्यावर असोन वीस वर्षे एकमेकांचा चहा प्याले नव्हते.

पुढे शके १९३८, संवत्सराचे नाव दुर्मुख, परंतु हसबनीस यांचे मुखावर तेज त्याच साली चढले. जाहले ऐसे की, गडहिंग्लजकडील राजलक्ष्मी घोरपडे म्हणोन एक मुलगी डॉक्टर पदवीसाठी त्यांचे पदरी आली. त्या मुलखाची चाल म्हणोन बाईमाणूस असोन "मी आलो, मी गेलो" ऐसे बोले आणि कोणास भीत नसे. पहिल्याच आठवड्यात तिणे तार तोडिली, सर्वांस चहा केला आणि आपलाही पेला भरोन घेतला. हसबनीस म्हणाले, "नियम माहीत आहे ना?" ती म्हणाली, "माहीत हाय सर. पण चहा केल्यावर मी पितोच." त्या दिवसापासोन नियम मोडला आणि हसबनीस यांस ती आवडली. तिजला काम दिले ते हे की, पाटावर तार डावीकडोन उजवीकडे सरकवीत न्यावी आणि जागोजाग वाऱ्याचा वेग पाहावा. वारा गाळलेला, पाट गुळगुळीत, तेव्हा वेग सर्वत्र सारखा भरला पाहिजे. तो भरेना. काही ठायी वारा रेंगाळे, शेजारीच धावे, पुन्हा रेंगाळे. विंचरलेल्या केसांत भांग पडावा तैसे उभे पट्टे पाटभर पडलेले दिसो लागले. राजलक्ष्मीने पुन्हा मापिले, तार बदलोन मापिले, पट्टे जागचे हलेनात. मग हसबनीस यांनी खासा मापिले. मग पुस्तके पाहिली. कोणा जर्मनाने पाहिले नव्हते. पूर्वीच्या विद्यार्थ्यांस हे का दिसले नाही, ऐसी शंका राजलक्ष्मीने काढिली, तेव्हा म्हणाले, "त्यांच्या तारा जाड होत्या." ही सबब त्यांनी इतक्या झटकन सांगितली की तीस पुढे काही विचारता आले नाही. त्या संध्याकाळी स्कूटर शेडीपाशी विसरोन ते चालतच घरी गेले.

मग सिद्धांत मांडिला की, हे पट्टे पाटावर आपोआप उपजतात, वाऱ्याची ही मूळचीच खोड आहे. निबंध पाठविला, तो थोर नियतकालिकात छापोन आला, आणि वर्षाचे आत समुद्रापलीकडील एका वयोवृद्ध पंडिताने भर सभेत व्याख्यान देता देता त्यांस "हसबनीसी पट्टे" ऐसे म्हटले. ते वर्तमान ईमेलीने आले. हसबनीस यांनी ती ईमेल वाचली, चष्मा पुसोन पुन्हा वाचली, आणि घरी येऊन ओट्यापाशी उभे राहिले. वसुधाबाईंनी पुसले, "काय झालं?" म्हणाले, "लागलं नाव." आणि साठीकडे झुकलेला तो माणूस ओट्यास टेकोन ढसाढसा रडला. बाईंनी गॅस बंद केला आणि त्यांच्या पाठीवरोन हात फिरविला. थट्टा त्या दिवशी केली नाही.

हे वर्तमान दरबारी पावता श्रीमंत संचालक जयवंतराव खर्डेकर बहुत संतुष्ट जाहले. संचालक स्वतः यंत्रांचेच पंडित, परंतु पाना हाती धरोन त्यांस तपे लोटली होती. त्यांनी तात्काळ पट्ट्यांचे नावे आंतरराष्ट्रीय परिषद भरविण्याची आज्ञा केली आणि वेशीवर फ्लेक्स लाविला. फ्लेक्सावर संचालक मोठे, हसबनीस लहान, आणि पट्टे मुळीच नव्हते. दरबारात सत्कार जाहला, तेव्हा केतकर उठोन बोलिले की, "माझ्या गणितात हे पट्टे येत नाहीत. माझा वारा सरळ येतो. तुमचा कुठून येतो, ते जरा मागे वळून बघा." हसबनीस यांनी शांतपणे उत्तर केले, "तुमच्या गणितात वारा येतच नाही केतकर, वीज येते." दरबार खदखदोन हसला, संचालक सर्वांत मोठ्याने हसले, आणि केतकर कानापर्यंत लाल होऊन खाली बसले. त्या दिवसापासोन विद्यार्थीदेखील त्यांस पट्टे आले का म्हणोन पुसो लागले.

परिषद तीन महिन्यांवर आली आणि राजलक्ष्मीचा प्रबंधही लिहोन होत आला. एक शेवटले प्रकरण राहिले होते, त्यासाठी तिणे पाट काचेच्या महालात वीतभर डावीकडे सरकविला. पट्टे पाटावर उपजत असतील, तर पाटासवे तेही वीतभर सरकले पाहिजेत. पाट सरकला. पट्टे महालात जेथल्या तेथे राहिले. ती हसबनीस यांचेपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, पाट सरकला, पट्टे सरकले न्हाईत." म्हणाले, "तार वाकली असेल." म्हणाली, "तार सरळ हाय." म्हणाले, "पाट नीट सरकला नसेल." म्हणाली, "मी सरकवलाय सर, ह्या हातांनी." म्हणाले, "पुन्हा माप." तिणे पुन्हा मापिले, आणि पुन्हा तेच. याचा अर्थ उघड होता. पट्टे पाटाचे नव्हते. वाऱ्यासवे मागून येत होते, आणि मागे म्हणजे शांतिकोठी. ही परीक्षा तिजला शिकविली कोणी, तर हसबनीस यांनीच. दर वर्षी वर्गात ते बजावीत असत की, आधी वस्तू हलवोन पाहा आणि मग शोध लागला म्हणा. स्वतःच्या शोधाची वेळ आली तेव्हा मात्र घाई जाहली आणि पाट हलवावयाचे राहिले. राजलक्ष्मी म्हणाली, "कोठी उघडूया सर." हसबनीस ओरडले, "कोठी उघडायची नाही!" तीस वर्षांत ते शेडीत ओरडले नव्हते.

मग हसबनीस शेडीकडे फिरकेनासे जाहले. पहिल्या वर्षाच्या पोरांस आलेखन शिकविण्याचा त्यांस एकाएकी उमाळा आला. कोणी न सांगता उत्तरपत्रिका फेरतपासल्या. खिडकीतोन शेड दिसते म्हणोन खुर्ची फिरवोन बसले. घरी जेवण जाईना. बाथरूमचा पंखा खरेच दुरुस्त केला, तेव्हा वसुधाबाई घाबरल्या आणि म्हणाल्या, "अहो, काय झालंय ते सांगाल का?" त्यांनी सांगितले. बाई म्हणाल्या, "मग उघडून बघा ना." हे म्हणाले, "बघितलं आणि सापडलं तर?" बाई म्हणाल्या, "न बघताच तुमचा घास उतरत नाहीये." भय मोठे होते. तीस वर्षे ज्यासाठी स्टुलावर काढिली ती एकच गोष्ट मिळाली होती, आणि ती राखण्यास काहीच करावे लागत नव्हते, झाकण लावलेले होते तैसेच ठेविले की पुरे होते.

अखेर एका रविवारी भर दुपारी, राज्य जेवोन निजले असता, हसबनीस स्क्रूड्रायव्हर घेऊन शेडीत गेले. पाहतात तो स्टुलावर राजलक्ष्मी बसलेली, मांडीवर दुसरा स्क्रूड्रायव्हर. यांनी पुसले, "उघडलीस?" म्हणाली, "न्हाई सर. तुमचं नाव लिवलंय त्याच्यावर. तुम्ही येशीला म्हणून बसलो." मग दोघांनी मिळोन स्क्रू काढिले आणि झाकण उतरविले. आत वाकोन पाहता, पहिल्याच जाळीवर एक दोरा आडवा चिकटलेला, आणि दोऱ्यास झेंडूची सात-आठ फुले, वाळोन तपकिरी जाहलेली, मधे दोन आंब्याची पाने आणि जरीचा गोंडा. पट्ट्यांच्या जागा आणि फुलांच्या जागा एकासमोर एक बरोबर येत होत्या. वारा फुलास अडोन दुभंगत होता आणि तेवढे व्यंग तीन जाळ्या, गळा आणि काचेचा महाल ओलांडोन पाटावर उमटत होते.

हार कोठून आला, त्याची हकीकत हसबनीस यांस उभ्याउभ्या आठवली. सर्व सुभ्यांत खंडेनवमीस यंत्रांची पूजा होते; लेथला हळदकुंकू, संगणकास अक्षता, बॉयलरला नारळ. राजलक्ष्मी रुजू होण्याआधीच्या नवमीस संचालकांची स्वारी खासा शेडीत आली होती, सवे छायाचित्रकार. संचालकांनी आपले हस्ते भला थोरला हार पंख्याचे मुखावर चढविला. छायाचित्रकार म्हणाला, पंखा फिरता असल्यास फोटोत जान येईल. संचालकांनी आज्ञा केली, "होऊ दे." आणि बटण दाबिले ते हसबनीस यांनीच. फोटो निघाला, फोटोपाठोपाठ हार दिसेनासा जाहला. शोधाशोध जाहली, तेव्हा संचालक हात जोडोन म्हणाले, "वायुदेवाने स्वीकारला!" आणि त्या आनंदात पेढे दुप्पट वाटले. हसबनीस यांनीही दोन खाल्ले होते.

हसबनीस जमिनीवर बसले. मग हळूच म्हणाले, "हे आपण दोघांनीच पाहिलंय, राजलक्ष्मी." ती म्हणाली, "व्हय." म्हणाले, "तुझा प्रबंध तयार आहे. परीक्षक ठरलेत. तुझी वर्षं वाया जातील." म्हणाली, "जातील." म्हणाले, "झाकण लावलं तर कुणाला काही कळणार नाही." आणि हे बोलताना त्यांनी तिजकडे पाहिले नाही. राजलक्ष्मी म्हणाली, "लावा की सर. मला पदवी नको हाय असं न्हाई. पण उद्या कोण तरी मला विचारणार, बाई, आमच्या बोगद्यात हे पट्टे दिसत न्हाईत, काय कारण? तवा मी काय सांगू? तुमच्यात हार न्हाई म्हणून?" हे ऐकोन हसबनीस यांस प्रथम ठसका लागला, मग हसू फुटले, आणि मग ऐसे हसले की पोट धरोन प्लायवूडास टेकले, आणि तीही हसो लागली, आणि हसता हसता यांचे डोळ्यांतोन पाणी वाहिले, ते काही सारे हसण्याचे नव्हते. मग नाक पुसोन राजलक्ष्मी म्हणाली, "मापं खरी हायत सर. कारण तेवढं चुकलंय. मापं ठेवूया, कारण बदलूया."

त्यावर तजवीज जाहली. बाजारातोन ताजा झेंडू आणिला. फूल जाळीच्या डाव्या अंगास बांधिले, पट्टा डावीकडे उमटला. उजव्या अंगास बांधिले, उजवीकडे उमटला. लहान फूल, बारीक पट्टा. नुसता दोरा बांधिला, तरी पट्टा. मग सर्व काढोन जाळी धुतली, झाकण लाविले, वारा सोडिला, आणि तार हसबनीस यांनी आपल्या हाताने पाटावरोन सरकविली. पडद्यावरची रेघ डावीकडोन उजवीकडे सपाट गेली. आपले नाव सपाट होताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि त्यांस फार वाईट वाटले, आणि ती रेघ तीस वर्षांतली सर्वांत स्वच्छ रेघ होती हेही त्यांचे ध्यानी आल्यावाचोन राहिले नाही.

परिषदेचा दिवस उगवला. देशोदेशींचे पंडित आले, सनई वाजली, दीपप्रज्वलनास वारा आडवा आला तो दार लावोन अडविला. मग हसबनीस व्यासपीठी उभे राहिले आणि पहिलेच चित्र वाळलेल्या हाराचे दाखविले. म्हणाले, "मंडळी, हे हसबनीसी पट्ट्यांचं मूळ. हा हार माननीय संचालकांच्या हस्ते आमच्या पंख्याला अर्पण झाला होता, आणि बटण मी दाबलं होतं." संचालक पहिल्या रांगेत शेजाऱ्याशी बोलत होते, आपले नाव तेवढे ऐकू आले, तेव्हा त्यांनी जोरात टाळ्या वाजविल्या आणि त्यांचे पाहोन साऱ्या राज्याने वाजविल्या. परदेशी पंडितांस वाटले, ही येथील रीत असेल, त्यांनीही वाजविल्या. मग हसबनीस यांनी पाट सरकविल्याची हकीकत, फुले हलविल्याची हकीकत, आणि अखेरीस ती सपाट रेघ दाखविली, आणि सभा हळूहळू समजत गेली आणि चिडीचूप जाहली. हे सारे शोधिले राजलक्ष्मी घोरपडे यांनी, चूक माझी, ऐसे स्वच्छ सांगितले. आणि म्हणाले, "डॉ. केतकरांनी पहिल्याच दिवशी मला मागे वळून बघायला सांगितलं होतं. मी त्यांची थट्टा केली. त्यांचं गणित बरोबर होतं. मी सर्वांसमोर त्यांची माफी मागतो." सारी सभा केतकरांकडे वळोन टाळ्या वाजवो लागली. आणि केतकर, जे या घटकेची दोन वर्षे वाट पाहत होते, ते खुर्चीत खाली खाली सरकत होते.

त्याचे कारण ऐसे की, पुढला निबंध त्यांचाच होता. पोरांचे टोमणे ऐकोन ऐकोन, संचालकांचे हसणे सोसोन, केतकरांनी आपल्या गणितातला एक आकडा इकडचा तिकडे केला होता, आणि मग त्यांच्या पडद्यावरही हसबनीसी पट्टे अवतरले होते, तांबडे, पिवळे, निळे. सूत्रधाराने त्यांचे नाव पुकारिले, आणि पडद्यावर ते रंगीत चित्र पुरी भिंतभर झळकले. केतकर उठले. व्यासपीठावर गेले. घसा खाकरला, पाणी प्याले, पुन्हा खाकरला. मग म्हणाले, "हसबनीसांच्या बोगद्यात हार होता म्हणून पट्टे आले. माझ्याकडे हारसुद्धा नव्हता, तरी आले. तेव्हा माझी चूक मोठी." इतके बोलोन खाली उतरले. तेव्हा दुसऱ्या रांगेतला तो वयोवृद्ध पंडित, ज्याने प्रथम नाव ठेविले होते, तो उठोन बाहेर गेला आणि व्हरांड्यात फोनवर आपल्या देशी कोणास मोठमोठ्याने सांगो लागला की, आपल्या बोगद्याचे पोट आजच उघडा. त्या दुपारी हसबनीस आणि केतकर एका टेबलाशी बसोन चहा प्याले. बोलणे काही विशेष जाहले नाही. केतकरांनी पुसले, "साखर?" हसबनीस म्हणाले, "एक."

टाळ्या कशास वाजविल्या याचा उलगडा संचालकांस सायंकाळी जाहला. बोलावणे धाडिले आणि म्हणाले, "हसबनीस सर, हार माझा होता हे सांगायची काय गरज होती?" हे म्हणाले, "प्रयोग पूर्ण सांगावा लागतो साहेब." वेशीवरील फ्लेक्स रातोरात उतरला, शोधनिबंध मागे घेतला गेला, आणि हसबनीस यांस नोकरीची उरलेली वर्षे आलेखनाच्या वर्गावर नेमिले. पट्ट्यांचे नाव पुस्तकांत चढण्याआधीच पुसले गेले. राजलक्ष्मीचा प्रबंध एक वर्ष लांबला, परंतु मान्य जाहला, आणि पुढे तीस दुसऱ्या राज्यात प्राध्यापकी मिळोन तिणे आपला बोगदा उभारिला. हसबनीस निवृत्त होऊन घरी बसले. वसुधाबाईंनी स्वयंपाकघरातल्या नव्या पंख्याची थरथर त्यांचे हवाली केली.

शके १९४५, शोभननाम संवत्सरी, राजलक्ष्मीने आग्रहाने बोलाविले म्हणोन हसबनीस तिच्या राज्यात गेले. ती चहाचे सांगावयास बाहेर गेली आणि हे बोगद्यापाशी उभे होते. इतक्यात तिची एक विद्यार्थिनी, गुडघाभर कुर्ता, हातात स्क्रूड्रायव्हर, पंख्याकडे निघाली आणि यांस म्हणाली, "काका, जरा सरका हां. वारा सोडायच्या आधी हसबनीस करून घेते." यांस नीट ऐकू आले, तरी पुसले, "काय करून घेतेस?" म्हणाली, "हसबनीस. म्हणजे कोठी उघडून आत काही अडकलंय का ते बघायचं. सगळीकडे करतात. मॅम तर म्हणतात, हसबनीस केल्याशिवाय एक आकडा लिहायचा नाही." यांनी पुसले, "हे हसबनीस कोण?" ती स्क्रू फिरवता फिरवता म्हणाली, "कोण नाही हो, असंच म्हणतात त्याला. जर्मन वगैरे शब्द असेल." हसबनीस यांनी तोंड उघडले होते, ते मिटले. मग म्हणाले, "झाकण जड दिसतंय. मी धरतो." आणि ती आत वाकोन जाळी पाहत होती तोवर त्यांनी ते दोन्ही हातांनी धरोन ठेविले, आणि त्यांचे मुखावर जे सुख होते ते पाहावयास तेथे कोणी नव्हते.

ऐसे हे अच्युतराव हसबनीस यांचे चरित्र. वाऱ्यास नाव लागले नाही, निबंध राहिला नाही, सत्काराची शाल मात्र उबदार निघाली ती वसुधाबाई वापरतात. जैसे घडले तैसे लिहिले. कोठे अतिशयोक्ती आढळल्यास वाचणाराने ती तपासोन पाहावी आणि आम्हांस कळवू नये. इति.